भुकेची वाट पाहू नका : उदासीच्या आजारात जेवण कसे टिकवावे



आरोग्याच्या या पानावर आज आपण अशा दुखण्याचा अभ्यास करणार आहोत, जे घरात असूनही घराला दिसत नाही. उदासीचा आजार, ज्याला डॉक्टर नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात, त्यात अनेकांची अन्नावरची वासना उडते. तोंडाला चव राहत नाही, घास घशाखाली उतरत नाही, ताट समोर आले की नको वाटते. घरातले म्हणतात, "भूक लागली की जेवेल." आजारी माणूसही तेच म्हणतो. पण या आजारात भूक वेळेवर लागतच नाही. वाट पाहण्यात दिवस जातात, अंगातली ताकद जाते आणि ताकद गेली की उदासी आणखी वाढते. म्हणून आजच्या धड्यातील मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या आजारात भूक लागल्यावर जेवायचे नसते, घड्याळ पाहून जेवायचे असते. भूक मागाहून येते.

हे नखरे नाहीत, लक्षण आहे

दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येते. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, भांडण झाले तर दोन-चार दिवस जेवण जात नाही. तो आजार नव्हे. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल, किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस वाटत नसेल, आणि त्यासोबत झोप बिघडणे, थकवा, स्वतःला दोष देणे, लक्ष न लागणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टर उदासीच्या आजाराचा विचार करतात. भूक बदलणे हे याच यादीतले एक ठळक लक्षण आहे. काहींची भूक वाढते, तर पुष्कळांची कमी होते. आज आपण कमी होणाऱ्या भुकेबद्दल बोलत आहोत.

हा आजार मोजक्या लोकांचा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, देशातील 18 वर्षांवरील साधारण दर 20 माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झाल्याचे आढळले. म्हणजे आपल्या गल्लीतही कुणीतरी असणारच. तो माणूस कामचुकार नाही, त्याला बाहेरची बाधा नाही आणि तो मनाने कच्चाही नाही. तो आजारी आहे, आणि या आजारावर उपचार आहेत.

भूक का मरते?

पहिले कारण मेंदूत आहे. आवडता पदार्थ समोर आला की मेंदू आधीच सुखावतो आणि तोंडाला पाणी सुटते. उदासीत मेंदूची ही सुखावण्याची क्रियाच मंदावते. म्हणून कालपर्यंत आवडणारे सुक्या बोंबलाचे कालवणही आज मातीसारखे लागते. स्वयंपाक बिघडलेला नसतो.

दुसरे कारण ताणाचे आहे. सतत काळजीत असलेले शरीर जणू संकटाला तोंड देण्याच्या तयारीत राहते. अशा वेळी अन्न पचवण्याचे काम मागे पडते, पोट जड वाटते, मळमळते, शौचाला साफ होत नाही. पोट साफ नसले की भूक आणखी कमी होते.

तिसरे कारण थकव्याचे. पीठ मळायचे, भाजी निवडायची, भांडी घासायची, या नुसत्या विचारानेच हातपाय गळतात. चौथे कारण मनातल्या दोषाचे. "मी कमावत नाही, मग मी का खाऊ? मुलांना राहू दे," असे आजारी माणसाला खरोखर वाटते. तो त्याग नसतो. तसे बोलायला आजार लावतो.

आणि पाचवे, उपाशी राहिल्याने भूक वाढते असे या आजारात होत नाही. बरेच दिवस कमी खाल्ले की थोडक्यातच पोट भरल्यासारखे वाटू लागते. चिडचिड वाढते, झोप बिघडते, विचार करवत नाही. हीच लक्षणे उदासीचीही आहेत. असे एक चक्र तयार होते आणि ते कुठेतरी तोडावे लागते. मन लगेच बदलता येत नाही, पण दोन घास पोटात घालता येतात. म्हणून चक्र तोडायला ताटापासून सुरुवात करायची.

घराला हे दिसत का नाही?

आपल्या बहुतेक घरांत बाई शेवटी जेवते. पहाटे पाणी भरायला उठते, मुलांचे आणि मालकांचे डबे करते, धुणी-भांड्याच्या कामाला नाहीतर साफसफाईच्या कामाला जाते. दुपारी परत येते, रात्री सगळ्यांना वाढते आणि मग तव्यावर उरलेले खाते. तिने किती भाकऱ्या खाल्ल्या हे कुणी मोजलेले नसते. तिला भूक नसेल तर ते महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी विचारलेच तर "कामावर चहा-खारी खाल्ली" हे उत्तर तयार असते. एके दिवशी बांगड्या सैल होऊन हातातून निघतात, ब्लाऊज ढगळ होतो, तेव्हा शेजारीण विचारते, "बाई, एवढी वाळलीस कशानं?"

पुरुषांचे वेगळे. भूक मेल्यावर तो तंबाखू, बिडी आणि चहावर दिवस काढतो. संध्याकाळी दारू पोटात गेली की जेवणाची आठवणही राहत नाही. घर म्हणते, "पितो म्हणून जेवत नाही." कधी कधी खरे उलटे असते. आतल्या उदासीमुळे पिणे वाढलेले असते. दोन्हींवर एकत्र उपचार लागतात. मशेरी आणि तंबाखूही भूक मारतात, हे बायकांनीही लक्षात ठेवावे.

म्हाताऱ्या माणसांत उदासी रडण्यातून दिसतेच असे नाही. "जेवण नको, नुसता चहा दे," एवढेच ते बोलतात आणि घर ते वयावर ढकलते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांतही बाईला हा आजार होतो. बाळ रडते आहे, अंगावर पाजायचे आहे आणि आईचे जेवण सुटलेले आहे, अशा वेळी थांबू नये. आशाताईला लगेच सांगावे.

म्हणून प्रत्येक घराला आमची पहिली विनंती अशी. आठवड्यातून एक दिवस तरी सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे आणि कुणाच्या ताटात काय उरले, कोण जेवलेच नाही, याकडे पाहावे. घरातल्या बाईने शेवटी नव्हे, सगळ्यांसोबत बसावे. आजार ओळखायला याहून स्वस्त तपासणी नाही.

आधी तपासणी करून घ्या

भूक मरण्याची सगळीच कारणे मनाची नसतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम आणि वजन घटणे ही टीबीची लक्षणे आहेत. रक्त कमी असणे, थायरॉईड, साखर, कावीळ, दारूमुळे बिघडलेले यकृत, पोटातील अल्सर, दिवस राहणे, दातांचे दुखणे, दुसऱ्या आजाराच्या गोळ्या, यांनीही भूक जाते. टीबी आणि उदासी एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. म्हणून महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन वजन, रक्त, साखर आणि गरज असेल तर थुंकी तपासून घ्यावी. डॉक्टरांना फक्त "भूक नाही" एवढेच सांगू नका. झोप कशी आहे, मन कसे आहे, रडू येते का, तेही सांगा. पुष्कळदा माणूस शरीराचे सांगतो आणि मनाचे गिळून टाकतो. मग त्याला टॉनिक मिळते, उपचार मिळत नाही.

घड्याळाप्रमाणे जेवण

आता मुख्य धडा. तापाची गोळी आपण ताप विचारून घेत नाही, वेळ झाली की घेतो. उदासीच्या काळात अन्नही तसेच घ्यायचे. यासाठी चार नियम.

एक. थोडे आणि वारंवार. भरलेले ताट पाहूनच आजारी माणसाचे पोट भरते. म्हणून ताट नको, वाटी घ्या. दर अडीच-तीन तासांनी अर्धी वाटी, दिवसातून सहा वेळा. सगळे संपलेच पाहिजे असे नाही. चार घास गेले तरी ती वेळ पाळली गेली असे समजावे.

दोन. सकाळ चुकवू नये. उदासीत पुष्कळांची सकाळ सर्वांत जड असते. उठल्यावर रिकाम्या पोटी दोन-तीन चहा झाले की दुपारपर्यंत भूक येत नाही. चहा बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आधी पोटात काहीतरी जाऊ द्या, मग चहा.

तीन. ज्या वेळी त्यातल्या त्यात बरे वाटते ती वेळ ओळखा. काहींना संध्याकाळी थोडे हलके वाटते. दिवसातले सर्वांत चांगले जेवण त्या वेळी द्या. रात्रीच जेवले पाहिजे असा नियम नाही.

चार. जेवण्याआधी दहा मिनिटे दाराबाहेर चालून या. सकाळच्या उन्हात असेल तर आणखी चांगले. याने पोट हलते आणि मनालाही थोडा फायदा होतो.

दिवसाचा एक नमुना खाली देत आहोत. वेळा आपल्या कामाप्रमाणे आणि नळाच्या पाण्याप्रमाणे बदलाव्यात.

सकाळी 7 : एक केळे किंवा दुधात कुस्करलेली अर्धी पोळी, मग चहा.
सकाळी 10 : उकडलेले अंडे, किंवा अर्धी वाटी उपमा अथवा पोहे, वर शेंगदाणे.
दुपारी 1 : घट्ट वरण आणि मऊ भात, किंवा मुगाची खिचडी, अर्धी-पाऊण वाटी.
दुपारी 4 : शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा एक लाडू, नंतर चहा.
संध्याकाळी 7 : भाकरी कालवणात कुस्करून, किंवा पिठले-भात, जेवढे जाईल तेवढे.
रात्री 9 : एक कप दूध किंवा नाचणीची आंबील.

हा तक्ता भिंतीवर लावा आणि जी वेळ पाळली तिथे खूण करा. सहापैकी तीन खुणा झाल्या तरी पहिल्या आठवड्यात ते पुरेसे आहे. न झालेल्या खुणांचा हिशेब मागू नका.

घास तेवढाच, ताकद जास्त

भूक कमी असताना पातळ वरणाचे नुसते पाणी पाजण्यात अर्थ नाही. पोट भरते आणि अंगाला काही लागत नाही. जो घास जातो आहे, त्यातच जास्त ताकद घालायची. वरणात किंवा खिचडीत एक चमचा तेल किंवा तूप वरून घातले तर साधारण 45 कॅलरी वाढतात आणि घास मोठा होत नाही. भाजीत, पेजेत, आमटीत शेंगदाण्याचा कूट घाला. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, शेंगदाण्यांत साधारण 170 कॅलरी आणि 7 ते 8 ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. बदाम-काजू परवडत नाहीत म्हणून कुणी खंत करू नये. शेंगदाणे, फुटाणे, अंडी, डाळ, सुकट आणि नाचणी यांनी काम भागते.

चावणेच नको वाटत असेल तर पिण्याजोगे अन्न द्या. नाचणीची आंबील, दाट पेज, दुधात कालवलेले सातूचे पीठ, दह्यात केळे कुस्करून, असे काहीही. मळमळ होत असेल तर गरम अन्नाच्या वासाने ती वाढते. आपली घरे एका खोलीची, फोडणीचा धूर आणि वास तिथेच कोंडतो. फोडणी देताना आजारी माणसाला बाहेर बसवा आणि त्याला थंड किंवा कोमट अन्न द्या. ताक-भात, दही-भात चालतो. तोंडाला चव आणायला लिंबाची फोड, थोडी चटणी, आल्याचा तुकडा घ्यावा. पाणी जेवणाआधी पोटभर पिऊ नये, मधल्या वेळेत प्यावे.

वाईट दिवसासाठी एक डबा भरून ठेवा. त्यात शिजवायला लागत नाहीत अशाच वस्तू असाव्यात. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे-गूळ, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. उठवत नाही अशा दिवशी हा डबा उशाशी असू द्या. घरातली बाईच आजारी असेल तर तिच्यासाठी हा डबा फार महत्त्वाचा आहे, कारण ती इतरांसाठी रांधते आणि स्वतःसाठी ताट वाढून घेण्याची शक्ती तिच्यात उरत नाही. ताईंनो, डबे भरताना आपला डबा आधी भरा.

घरच्यांनी काय करावे, काय बोलावे

जेवणावरून घरात भांडण झाले की आजारी माणसाला जेवणाची धास्तीच बसते. "एवढं कष्टानं केलंय आणि तू बघतही नाहीस," "तुझ्यासारखं मीही रडत बसले तर घर कोण चालवील?", "मुलांकडे बघून तरी जेव," ही वाक्ये मायेपोटी निघतात, पण त्यांनी फक्त अपराधीपणा वाढतो. घास आणखी अडकतो. जबरदस्तीने तोंडात कोंबू नये. शपथा घालू नयेत.

त्याऐवजी असे बोलून पाहा. "ताई, चार वाजले. मी लाडू खातेय, अर्धा तू घे." "बाबा, आज तुमच्याबरोबर बसतो. दोन घास खा, नको वाटलं तर ठेवा." "आई, खिचडी करू की अंडं उकडू?" काय खाणार, असा मोकळा प्रश्न विचारला तर उत्तर "काही नको" असेच येते. दोनपैकी एक निवडायला सांगितले की निवडणे सोपे जाते. आणि सोबत बसावे. एकट्याने जेवण्यापेक्षा कुणी शेजारी बसून खात असेल तर घास जास्त जातो. त्या वेळी पैशांची, दुखण्याची, सासर-माहेरची चर्चा नको.

घरातल्या एकाने हिशेबाचे काम घ्यावे. आज काय गेले, पाणी किती प्यायले, आठवड्याचे वजन किती, एवढे वहीत लिहावे. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर करावे. एका महिन्यात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटले, म्हणजे 50 किलोचा माणूस अडीच किलोहून जास्त उतरला, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. ही वही दवाखान्यात नेली तर डॉक्टरांनाही मदत होते.

शेजाऱ्यांनीही यात हात द्यावा. मयताच्या घरी आपण चूल पेटू देत नाही, भाकरी पोहोचवतो. ही आपल्या वस्त्यांची जुनी रीत आहे. उदासीच्या आजाराने ज्या घरातली बाई अंथरुणाला खिळली आहे, त्या घरीही आठवड्यातून दोनदा कालवण पोहोचवता येईल. चौकशा करू नका, डबा द्या आणि पाच मिनिटे बसा.

सलाईन आणि भूक वाढवणारी बाटली

"चार दिवस जेवली नाही, सलाईन लावून आणू," असे आपल्याकडे सहज म्हणतात. हिशेब करून पाहा. 5 टक्के ग्लुकोजच्या 500 मिलिलिटर बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चमचे साखर, कॅलरीच्या हिशेबात एका केळ्याच्या जवळपास. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर ताकद मुळीच नसते. पाणी फार कमी झाले असेल, उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टर सलाईन लावतात आणि तेव्हा ते गरजेचे असते. पण जेवणाऐवजी सलाईन हा रोजंदारी घालवण्याचा मार्ग आहे.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या भूक वाढवायच्या औषधांचेही तसेच. त्यातल्या सायप्रोहेप्टाडीन या औषधाने खूप झोप येते आणि उदासीवरच्या काही गोळ्यांच्या कामात ते अडथळा आणू शकते. काही जण वजन वाढवायला स्टेरॉईडच्या गोळ्याही देतात. त्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते आणि त्या एकदम बंद केल्यास जीवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये.

उदासीच्या गोळ्या आणि भूक

जेवण सुधारणे हा उपचाराचा एक भाग आहे, पूर्ण उपचार नाही. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळ्या आणि समुपदेशन लागते. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या गोळ्यांनी सुरुवातीचे एक-दोन आठवडे मळमळते, भूक आणखी कमी वाटते. पुष्कळ लोक नेमक्या याच वेळी गोळी सोडतात. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत कमी होतो. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठ होते. त्यासाठी पाणी, पालेभाजी, पेरू-पपई घ्यावी. मिर्टाझापिनने भूक आणि झोप वाढते, म्हणून काही रुग्णांना डॉक्टर तीच निवडतात. कोणती गोळी कुणाला, हे डॉक्टर ठरवतील. आपण त्यांना "माझी भूक गेली आहे, वजन उतरले आहे" हे मात्र आवर्जून सांगावे.

गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण गुण यायला त्याहून जास्त वेळ लागतो. पुष्कळदा झोप आणि भूक आधी सुधारते, मन मागून सावरते. जेवण जायला लागले म्हणजे आजार गेला असे समजून गोळी बंद करू नका. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तोवर ती चालू ठेवावी लागते. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण त्या एकदम न सोडता हळूहळू कमी करायच्या असतात.

उपोसथ आणि आजारी माणूस

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्यापैकी पुष्कळ उपासक-उपासिका अष्टशील पाळतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. ज्याची भूक आधीच मेली आहे, त्याला हा दिवस न जेवण्याचे कारण होऊ शकतो. म्हणून उदासीच्या उपचारावर असलेल्या, वजन घटलेल्या, साखरेची गोळी घेणाऱ्या, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या व्यक्तीने बरे होईपर्यंत पंचशील पाळून वेळेवर जेवावे. यात कमीपणा नाही. विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे की शरद ऋतूत आजारी पडलेल्या भिक्खूंच्या पोटात पेजही टिकत नव्हती आणि ते फार कृश झाले होते. तेव्हा भगवंतांनी त्यांना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घ्यायची परवानगी दिली, आणि पुढे ती अवेळीही घेण्याची मुभा दिली. भिक्खूंनाही आजारात सवलत होती, मग आपण तर घरसंसारी माणसे आहोत.

कधी थांबू नये?

पुढील खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा :

- पाणीही जात नाही, लघवी फार कमी झाली आहे, उभे राहिले की चक्कर येते.
- पाच दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलेले नाही. अशा माणसाला घरी एकदम पोटभर जेवण देऊ नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक जास्त अन्न मिळाले तर रक्तातील क्षार बिघडून धोका होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरुवात करावी.
- साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि जेवण बंद आहे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे दिसले आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर-पाणी द्या आणि दवाखान्यात न्या.
- मनाच्या आजारासाठी लिथियम चालू आहे आणि खाणे-पिणे सुटले आहे.
- "मला जगायचे नाही," "माझ्याविना तुम्ही सुखी राहाल," असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे.

शेवटची खूण सर्वांत गंभीर. अशा माणसाला एकटे सोडू नका. घरातले उंदराचे औषध, फिनाईल, गोळ्यांचा साठा नजरेआड करा. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ आणि मायेने विचारा. विचारल्याने तो विचार मनात नव्याने शिरत नाही, उलट मन मोकळे होते. तातडीच्या वेळी 108 वर रुग्णवाहिका मागवा. पोलीस केसच्या भीतीने उशीर करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे धरले जाते. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

कुठे जावे?

केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेली मानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीतही बोलता येते. नाव न सांगताही बोलता येते. प्रत्यक्ष दाखवायचे तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे. जे. रुग्णालयांत हा विभाग आहे. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी परतता येते. तिथे गेले म्हणजे दाखल करून घेतात, हा गैरसमज आहे. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा 2017 च्या कायद्याने दिलेला आपला हक्क आहे. तो मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

या महिन्याचा अभ्यास

महिला मंडळाच्या किंवा विहारातील रविवारच्या बैठकीत हा धडा मोठ्याने वाचावा आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

1. आपल्या घरात शेवटी कोण जेवते? गेल्या आठवड्यात त्या व्यक्तीने रोज काय खाल्ले, हे घरातल्या कुणाला सांगता येईल का?
2. दोन आठवड्यांचे दुःख आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा आजार यांतला फरक आपल्या शब्दांत सांगा.
3. "काही नको" म्हणणाऱ्या माणसाला काय विचारावे? दोन वाक्ये तयार करा.
4. आपल्या गल्लीतील कोणत्या घरी या आठवड्यात डबा पोहोचवायचा? कोण नेणार, कोणत्या दिवशी?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे आणि पुढच्या बैठकीत डबा पोहोचला का, एवढे विचारावे. त्या घरात कुणाला काय झाले आहे, याची चर्चा मात्र बैठकीत करू नये.

ज्या वाचक भगिनी आणि बंधू स्वतः या आजारातून जात आहेत आणि हे पान वाचत आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. आज सगळा तक्ता पाळू नका. हे पान बाजूला ठेवा, घरात जे तयार असेल त्यातले चार घास खा, अर्धा ग्लास पाणी प्या आणि घरातल्या एका माणसाला सांगा, "मला जेवण जात नाही, मला दवाखान्यात ने." आजच्यापुरते एवढे पुरे. उद्याचे उद्या पाहू.